बॅरिस्टर की बुटकी

३ मे

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वसतिगृहाच्या जिन्यातच उभ्याने वाचलं आणि दोनदा कपाळाला हात लावला. माझ्या खोलीतली मुलगी घाबरून विचारायला लागली, की घरी काय झालं. मी म्हटलं, काही नाही, आंब्याच्या फांदीवरून माझे वडील आणि आत्या बोलेनासे झालेत. तिला वाटलं मी काहीतरी लपवतेय.

मला समजलं ते असं. विजेच्या तारा आपल्या परसातल्या आंब्यात अडकतात. तारवाले सांगून गेले, की फळं उतरली की येऊ आणि दोन मोठ्या फांद्यांपैकी एक बुंध्यापासून काढू. कोणती ते तुम्ही ठरवा. एका फांदीवर तुम्ही रुबाबावरून बॅरिस्टर म्हणता त्या आंब्याचं, तुम्हीच बांधलेलं कलम. दुसरीवर त्या ठेंगण्या बुटकीचं, जे आत्याने दवाखान्यातून निवृत्त होऊन आपल्याकडे राहायला आल्यावर बांधलं. तुम्ही म्हणता बुटकी जाऊ दे, आत्या म्हणते बॅरिस्टर, आणि आई म्हणते झाडच जाऊ दे, निदान दुपारची झोप तरी मिळेल.

बाबा, तुम्ही शिलाईचं मशीन चालवून चालवून मला घरातली पहिली पदवीधर केलंत, ते मी शाळेत नुसती बेडकाची चित्रं काढावीत म्हणून नाही. आवाज चढवून प्रश्न सुटत नाहीत, प्रयोगाने सुटतात, असं मी वर्गात रोज सांगते. मग आपल्या घराने मागे का राहावं? तुमचे दोघांचे डोळे बांधायचे. आई आंबे सोलून, सारख्या फोडी करून भरवेल. कुठली फोड कशाची हे तिलाच ठाऊक, तिने मात्र काही बोलायचं नाही. प्रत्येकीला दहापैकी गुण. ज्याला कमी, ती फांदी जाईल. रुसवे नाहीत, फेरतपासणी नाही.

शास्त्राप्रमाणे तिसरा आंबाही हवा, ज्याचा कुणालाच अभिमान नाही. म्हणजे मूळपुरुष. कलमांच्या खाली बुंध्यातून फुटलेली ती जुनी फांदी तारांपासून दूर आहे, तिला धोका नाही. तिचे आंबे आपण दरवर्षी कच्चेच मीठ लावून संपवतो. यंदा थोडे पिकवा. जादा वर्गांमुळे मला मे महिन्यात येता येत नाही, निकाल कळवा.

आईला नमस्कार. लोभ आहेच, पण या महिन्यात तो आत्याबरोबर समान वाटून घ्यावा.

तुमची,
मास्तरीण

९ मे

चि. मास्तरीणबाईस,
अ. आ.

योजना मंजूर. तुझ्या आत्यालाही मंजूर आहे, पण ते अक्काने तुझ्या आईला सांगितलं आणि आईने मला. आम्ही तिघं एकाच खोलीत बसलो होतो.

पाड लागल्याबरोबर काठीच्या झेल्याने आंबे उतरवले आणि माझ्या शिवणाच्या खोलीत, कापायच्या टेबलाखाली गवतात आढी घातली. घातली मी, पण आता तिथे राज्य अक्काचं. खोलीचा वॉर्ड झालाय. सकाळी राउंड असतो. प्रत्येक आंब्याची कूस बदलते, नाहीतर म्हणे पाठीला जखमा होतात. ज्याच्यावर डाग दिसला तो इतरांना लागण नको म्हणून खिडकीत एकटा. गिऱ्हाईक माप द्यायला आलं तरी आधी हात धुवायला लावते. काल एक गृहस्थ कोट शिवायला आले, ते कुजबुजतच बोलत होते. निघताना म्हणाले, आत जे कोण आहेत त्यांना लवकर बरं वाटो. अक्काने गंभीर चेहऱ्याने आभार मानले.

मीही गप्प बसलो नाही. टेपने सगळ्यांची मापं घेतली. बॅरिस्टरची छाती भरदार, खांदा उतरता, अंगावर सुरकुती नाही. बुटकीला ना गळा ना कंबर. असं गिऱ्हाईक आलं तर मी कापड परत देईन, असं मोठ्याने म्हणालो. अक्काने तुझ्या आईला कळवलं, की कंबरेबद्दल कोणी बोलावं यालाही काही नियम हवा.

माझे डोळे बांधा, वाटल्यास नाकही बांधा, मी बॅरिस्टरला जिभेवर ओळखीन. बुटकीला मी आजवर तोंड लावलेलं नाही, तत्त्व म्हणून. तिनेही बॅरिस्टर कधी खाल्ला नाही. म्हणते, त्याच्यात गर कमी आणि रुबाब जास्त.

एक सांगायचं राहिलं. काल अक्काने माळ्यावरची ट्रंक काढून पुसली. कुलपात घालायला माझ्याकडे मशीनचं तेल मागितलं, अर्थात आईमार्फत. मी संपलंय असं सांगितलं. बाटली भरलेली आहे.

जेवत जा. शिलाईत कसर राहील एखादे वेळी, मायेत नाही.

तुझा,
बाबा

१२ मे

चि. ठमे,
पोटभर आशीर्वाद.

यातलं अक्षर तुझ्या बापाला कळता कामा नये. कळलं तर मी तुझ्याशीही बोलणार नाही, आणि मग मला बोलायला फक्त तुझी आई उरेल, तीही बिचारी कंटाळलीय.

माझ्याबरोबर दवाखान्यात होती ती हसरी सिस्टर आठवते ना, इंजेक्शन देताना तूच तिला चावली होतीस? निवृत्त परिचारिकांच्या वसतिगृहात ती खोली घेऊन राहते. दुसरी खाट रिकामी आहे, ये म्हणून मागे लागलीय. मी अजून हो-नाही कळवलेलं नाही. मनाशी एवढंच ठरवलंय, की माझी फांदी गेली तर मीही जाईन. अगं, या घरात आले तेव्हा माझ्याजवळ ती ट्रंक होती आणि दवाखान्याच्या आवारातली एक काडी, ओल्या रुमालात गुंडाळलेली. मी ती चिकटपट्टीने झाडाला बांधली. तुझा बाप हसला होता, की अक्का, झाडाचं हाड मोडलंय का. काडी जगली. तेव्हापासून मी इथली झाले, असं मी धरून चालले.

मग जिंकायचं बघ, असं तू म्हणशील. पण परवा पाहिलं, कुणी नाही असं समजून तुझा बाप बॅरिस्टरच्या फांदीला टेकून उभा होता, आणि तिच्यावरच्या मुंग्या एकेक करून उचलून खाली ठेवत होता. ते कलम त्याने तू जन्मलीस त्या वर्षी बांधलं. ते तोडलेलं मला बघवायचं नाही. म्हणून मी दहापैकी दहा बॅरिस्टरला देणार आहे. झाड त्याचं, परस त्याचं, मी आपली पाहुणी. तोंडाने मात्र भांडत राहीन, नाहीतर त्याला वाटेल मला ताप भरलाय.

दूध घेतेस ना? खोटं लिहिलंस तर मला इथे बसून कळतं.

तुझी,
आत्या

१५ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस म्हणून मी बाबांना एक शब्द लिहिणार नाही. पण आत्या, आधीच ठरवून गुण दिले तर तो प्रयोग कसला? मी मुलांच्या पेपरांवर नावं झाकून गुण देते आणि माझ्या स्वतःच्या घरात हे! तू फक्त जिभेला विचार आणि खरं सांग. खऱ्याने कुणाचं वाईट होत नाही, अशी माझी श्रद्धा आहे.

आणि पुन्हा स्वतःला पाहुणी लिहिलंस तर मी सुट्टीत घरी येणार नाही. म्हणजे येईन, पण तुझ्या हातचं दूध पिणार नाही.

माझ्यावर रागावलीस तरी चालेल, दूर मात्र होऊ नकोस.

तुझी,
ठमी

१७ मे

चि. मास्तरीणबाईस,
अ. आ.

घाईत लिहितोय, अक्का राउंडवर आहे. हे पत्र तिला दाखवायचं नाही, आईलाही नाही.

ट्रंकेत घड्या घातलेल्या साड्या दिसल्या. तुझ्या आईने खोदून विचारलं, तेव्हा कळलं की फांदी गेली तर ती जाणार आहे. मला भांडायचं होतं, घालवायचं नव्हतं. ती गेल्यावर चष्मा माझ्याच कपाळावर आहे हे मला सांगणार कोण? तुझी आई सांगत नाही, मजा बघत बसते. तेव्हा मी दहापैकी दहा बुटकीला देणार. बॅरिस्टर माझ्या ओळखीचा, त्याला मुद्दाम कमी देईन. उरलेल्या दोन फोडींपैकी जी आंबट लागेल तो मूळपुरुष, जी गोड ती बुटकी, एवढं मला न चाखताही कळतं.

तुझा प्रयोग बिघडेल. बिघडू दे, दुसरा शिवू.

तुझा,
बाबा

२० मे

चि. बाळास,
आईचे आशीर्वाद.

मला लिहायला वेळ नसतो, पण या दोघांपैकी कुणीही तुला खरं लिहिणार नाही म्हणून मीच बसले.

काल प्रयोग झाला. ह्यांचे डोळे कोटाच्या अस्तराने बांधले, वन्संचे बँडेजने. दोघं शेजारी शेजारी आ करून बसले होते. शेजारीण साखर मागायला आली आणि साखर न घेताच गेली.

ह्यांनी बॅरिस्टरला चार दिले. वन्संनी बुटकीला चार दिले. मला आश्चर्य वाटलं, पण तू बोलायचं नाही सांगितलं होतंस. मग ह्यांना बुटकी भरवली. ह्यांनी तोंड वेडंवाकडं केलं आणि एक गुण दिला. वन्संना बॅरिस्टर भरवला. त्यांनीही एकच दिला, आणि वर पाणी मागितलं. शेवटी एक फोड दोघांनाही भरवली. दोघंही चघळत राहिले. मग दोघांनी एकदमच दहापैकी दहा म्हटलं, आणि इतके खूश दिसले की विचारू नकोस.

ती फोड मूळपुरुषाची होती. मीही चाखली. अगं, इतकी वर्षं आपण काय कच्चं खात बसलो!

पण हौस तिथेच संपली. मी गुण वाचून दाखवले. वन्संनी बॅरिस्टरला एक दिला हे ह्यांना कळलं, ह्यांनी बुटकीला एक दिला हे वन्संना कळलं. ह्यांनी मशीनवर जाऊन शर्टाला तिसरी बाही लावली. वन्संनी ट्रंक दाराशी आणून ठेवली. म्हणाल्या, एकवेळ शून्य चाललं असतं, पण एक म्हणजे भीक घातली. बॅरिस्टर आणि बुटकी दोघांना सारखेच पाच, म्हणजे फांदीचंही ठरलं नाही. तारवाले सोमवारी येणार. वन्सं त्याच दिवशी दुपारी निघायचं म्हणतात.

तू पदवीधर आहेस, काहीतरी कर. नाहीतर मी मूळपुरुष घेऊन माहेरी जाते.

तुझी,
आई

२३ मे

ती. बाबा आणि ती. आत्या,
दोघांना एकाच कागदावर सा. न. वि. वि.

आई, हे त्यांना समोरासमोर बसवून वाच. दाराला कडी लाव.

मी तुम्हा दोघांना गप्प राहायचा शब्द दिला होता. तो मोडते आहे. मी शब्द मोडणारी मुलगी नाही, पण सोमवारी ट्रंक घराबाहेर गेली तर माझी तत्त्वं मी कुठल्या तोंडाने सांभाळू?

बाबा, आत्याने बॅरिस्टरला दहा द्यायचं ठरवलं होतं. तिने तो कधी खाल्लाच नव्हता. गोड लागला तो तुमचा असणार असं तिने धरलं आणि उरलेला मूळपुरुष समजून त्याला एक दिला. आत्या, बाबांनी तुझ्या बुटकीला दहा द्यायचं ठरवलं होतं. त्यांनीही ती कधी खाल्ली नव्हती. त्यांचंही अगदी तेच झालं. तुम्ही दोघांनी एकमेकांसाठी लबाडी केलीत आणि तीही धड जमली नाही.

प्रयोग मी रद्द करते. परीक्षक म्हणून तुम्हा दोघांनाही नापास करते. शास्त्रावरचा माझा विश्वास कायम आहे, पण या घरात त्याला वेगळी प्रयोगशाळा लागेल.

आत्या, तू जाऊ नकोस. याला मी काही कारण देणार नाही.

मी कुणाची बाजू न घेता दोघांचीच आहे,
तुमची ठमी

२९ मे

चि. ठमे,
अनेक आशीर्वाद, आणि शब्द मोडल्याबद्दल एक धपाटा. सुट्टीत आलीस की देईन.

तुझ्या आईने पत्र वाचलं. मग तुझा बाप गिऱ्हाईक आलंय म्हणून उठला. कुणीही आलं नव्हतं. मी राउंडला गेले, तर आढीत नुसतं गवत, आंबे केव्हाच पिकून स्वयंपाकघरात गेलेले. पुढे दोन दिवस आम्ही इतकं नीट बोललो की तुझी आई घाबरली.

तारवाले आले तेव्हा मात्र सुटलो. तुझा बाप म्हणाला, बॅरिस्टर तोडा. मी म्हटलं, खबरदार, बुटकी तोडा. तो म्हणाला झाड माझं आहे, मी म्हटलं मग अक्काचं ऐकायची पद्धतही याच घराची आहे. तो करवतवाला एकदा इकडे शिडी लावायचा, एकदा तिकडे. शेवटी वर बसून त्याने तुझ्या आईला विचारलं, की यांना नक्की काय वाचवायचंय. ती म्हणाली, ते त्यांनाही आत्ताच कळलंय, जरा दम धरा.

मग तुझा बाप टेप गळ्यात टाकून शिडीवर चढला. तारेपासून फांद्या किती दूर हव्यात हे त्याने तारवाल्याकडून वदवून घेतलं, दोन्हीकडचं माप घेतलं आणि वरूनच ओरडला, की बाही लांब झाली म्हणून कोणी हात कापतं का. दोन्ही फांद्यांवर खडूने खुणा करून दिल्या. तेवढीच टोकं छाटली, तारा मोकळ्या झाल्या. हे आधी का सुचलं नाही म्हणून तुझ्या आईने विचारलं, तर म्हणाला, आधी मी भांडत होतो ना. कापलेल्या टोकांना मी माती लावून बँडेज बांधलं. त्याचं चांगलं अस्तर त्यात गेलं म्हणून तो आता माझ्याशी पुन्हा बोलत नाही. फार बरं वाटतंय.

उरलेले आंबे आम्ही वाटून खाल्ले, या वेळी डोळे उघडे ठेवून. बॅरिस्टर ठीक आहे. तोंडावर सांगणार नाही, पण ठीक आहे. तुझा बाप बुटकीला बरी आहे म्हणत म्हणत बशीतल्या सगळ्या फोडी संपवून बसला. मूळपुरुष मात्र आता दोघांचाही नाही. तुझ्या आईने तो आपला असल्याचं जाहीर केलंय.

हसऱ्या सिस्टरला मी येत नाही असं कळवलंय. तिने कारण विचारलं. मी लिहिलं, की माझ्या धाकट्या भावाला गोड काय आणि आंबट काय हे कळेनासं झालंय. अशा पेशंटला सोडून मी कुठेही जात नसते.

तुझी, इथलीच,
आत्या