कॅसेटच्या खरखरीखाली

३ फेब्रुवारी
घरात पाऊल ठेवलं नाही तोच नातीचा हुकूम, आजी, रेकॉर्डिंग चालू असताना बोलायचं नाही. माझं तोंड नवऱ्यालाही बंद करता आलं नव्हतं. हिने वही दिली, म्हणाली यात बोल. तर बोलते. अक्षर तिसरीपर्यंतचं आहे, चालवून घ्या.
बाकी मांजरी गावातला निकिताचा फ्लॅट झकास. कसब्यातल्या माझ्या घरी खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसायची, इथे ऊस दिसतो. आवाज घुमू नये म्हणून तिने एका खोलीत भिंतींना गाद्या ठोकल्यात. भिंतींची चैन आहे.

६ फेब्रुवारी
कंप्युटरवरचं गाणं म्हणे थंड लागतं. लोकांना टेपची ऊब हवी. म्हणून निकिता जुन्या कॅसेटची खरखर गाण्याखाली अंथरते. त्या खरखरीपायी आम्ही टेपला चापट्या मारायचो!
माझ्या ट्रंकेतली एक कॅसेट तिने उचलली. म्हणाली, कुणी पुसू नये म्हणून हिच्या कडेची पट्टी मोडलीय, आणि कुणीतरी त्या खाचेवर कागद चिकटवून पुसलीच. मी भाजी निवडत राहिले.

९ फेब्रुवारी
निकिता म्हणते, गाण्याखाली कुणीतरी श्वास घेतंय. छान लागतो, राहू दे.
लिहूनच टाकते. कॅसेट शैलाची. माझी लेक, निकिताची आई. मला पत्र धड वाचता येत नव्हतं, म्हणून सासरहून, लोणी काळभोरहून, बोलून पाठवली. आई, मारतात, घ्यायला ये. एका बसचं अंतर. आळी काय म्हणेल म्हणून गेले नाही. वर त्याच कॅसेटवर रेडिओची गाणी भरली. महिन्याने शैला विहिरीत सापडली. निकिता तेव्हा वर्षाची. सगळ्यांना सांगितलं, पोरीचा निरोपच नव्हता. निकितालाही तेच.

१० फेब्रुवारी
आता शब्द येतो. ‘आई.’ निकिताने विचारलं, कोण ही? म्हटलं, रेडिओवरची बाई. आईचा आवाज पहिल्यांदा ऐकत होती पोर, आणि मी — थू माझ्या जिभेवर.

११ फेब्रुवारी
कॅसेटची फीत ओढून कात्रीने तुकडे केले. दुसऱ्यांदा पुसली लेकीला.
दुपारी कंप्युटर बंद. तरी गाद्यांच्या खोलीतून शैलाचा आवाज — तू आली नाहीस. मीच येते घ्यायला.
कुणाला?

१२ फेब्रुवारी
सकाळी निकिताला सगळं सांगितलं. माझ्याकडे बघत नाही. कानाला हेडफोन लावून आत बसलीय. ‘आई, आई’ हाका चालूच —
तिच्या मागच्या गादीवर पाच बोटं उमटलीत. ओली.
निकिता ओ द्यायला माइकजवळ तोंड नेतेय. माझं ओरडणं तिला ऐकू जात नाही, लिहून पुढे धरते —
निकिता, तू ओ देऊ नकोस. हाक मला आहे. ओ मीच—