वहीतली सात नाणी

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, गुडघ्यांमुळे प्रत्यक्षात कमरेपर्यंतच जमतो.) खोकला उतरला असेल. ऑपरेशन होऊनही डोळ्यांपुढचं धुकं हटलं नाही हे मामींनी कळवलं, फार वाईट वाटलं. हे पत्रही त्याच वाचून दाखवतील, तेव्हा मामींनाही नमस्कार, आणि कंसातला मजकूर गाळू नये ही विनंती.

तुम्ही दिलेलं नाणं एकदा अंगठ्यानं चाचपायचंय, असा तुमचा निरोप येऊन दोन महिने झाले. मी का आलो नाही, ते सांगतो. मला नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही ते माझ्या हातावर ठेवलंत. टांकसाळीत नवा ठसा चढवल्यावर तुमच्याच यंत्रातून पडलेल्या पहिल्या काही नाण्यांपैकी ते एक. ‘नाण्यावरच्या ओंबीची कुसळं मोज, एकवीस भरतील. बाकीच्या नाण्यांत मधली चार-पाच एकमेकांत मिसळलेली असतात,’ असं म्हणाला होतात. तेवढ्यावर मी वीस वर्षं खूश होतो. पण हिच्या भावानं (नाणी जमवतो, आणि जमवतो हे रोज सांगतो) ‘असली ढिगानं मिळतात’ म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. मी नाणं तपासणाऱ्या कंपनीकडे पाठवलं. ते लोक भिंगाखाली बघून सत्तरपैकी गुण देतात, नाणं प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात आणि त्या दर्जाची किती आली ते वहीत मांडतात. ती वही कुणीही बघू शकतो. आपल्याला सहासष्ट गुण, ‘ठसा पूर्ण’ असा शेरा, आणि वहीत आकडा एक! मेहुणा त्या दिवशी श्रीखंड न घेताच पानावरून उठला.

इथं थांबायला हवं होतं. पण सदुसष्ट का नाहीत, हे मला खाऊ लागलं. पक्कड घेऊन डबी फोडली, नाणं परत पाठवलं. सहासष्ट. तपासणारा घाईत असेल म्हणून पुन्हा फोडली. असं एकूण सहा वेळा केलं. (हिला सांगितलं, पक्कड नळासाठी लागते. घरातला एकही नळ बिघडलेला नव्हता.) मग मेहुण्याचा फोन आला, ‘भाऊजी, तुमच्यासारखी सात निघाली की!’ माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या सहा जणांच्या शोधात मी संग्राहकांना पत्रं लिहिली, एका निरुपद्रवी दंतवैद्यावर पाळतही ठेवली. शेवटी कंपनीतल्या बाईंनी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. वही नाणी मोजत नाही, तपासण्या मोजते. फोडलेल्या डब्यांतल्या गुणांच्या चिठ्ठ्या परत केल्या असत्या तर आकडा कमी झाला असता. त्या तर मी हिला दिसू नयेत म्हणून फाडून टाकल्या होत्या. सहाही प्रतिस्पर्धी मीच!

तेव्हापासून एक विचार पाठ सोडत नाही. तुम्ही एकतीस वर्षं त्या यंत्रापाशी उभे होतात. ठसा पूर्ण उठला की नाही हे तुम्हाला आवाजावरून कळायचं. तुम्ही एकदा सांगितलेलं मी कधी न पाहिलेल्या माणसांना सात वेळा विचारलं. मला याची लाज वाटते.

आता मुद्द्याचं. नाणं डबीबाहेर काढून त्याला अंगठा लागला की घामाचा डाग पडतो, गुण उतरतात. डबीवरून हात फिरवलात तर नुसतं प्लास्टिक लागेल. म्हणून मोठा फोटो पाठवतो, मामी वर्णन करतील. समजून घ्यावं.

आपला आज्ञाधारक भाचा

ता. क. हिनं पत्र वाचलं. विचारलं, ‘मामांनी दिलं तेव्हा डबीत होतं का?’ मी नाही म्हटलं. तिनं पक्कड आणून टेबलावर ठेवली.

ता. क. २. फोटो रद्द. रविवारी दुपारी येतो. नाणं रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात असेल, सुटं. वहीत ती सातच राहतील, राहू देत. हात धुवायची गरज नाही. फक्त मामींनी आकडा सुचवायचा नाही. तुमच्या अंगठ्याला एकवीस भरली, तर मी पुन्हा कुणाला विचारणार नाही.