पडद्याआडची पेटी

ब्रह्मपुरीकडून, १९५२

जजसायेब,

रुखमाबाईचा रामराम. इलेक्शनात पडलेल्या आमच्या गावच्या मालगुजारानं केस केली, का निवडून आलेल्यानं गावच्या बायांची मतं धमकावून घेतली. मी साक्षीले उभी होती. मले कोनी धमकावलं नाई, हे मी सांगतलं. मतदानात पडद्याआड हर उमेदवाराची न्यारी पेटी होती. मंग मालगुजाराच्या वकिलानं विचारलं, "पडद्याआड कोनाच्या पेटीत चिठ्ठी टाकली?"

दाराजवळ माहा धनी उभा होता, मालगुजाराचाच दिवानजी. मी पदर पुढं ओढला.

तुमी टाक खाली ठेवला अन् म्हनले, "बाई, हे सांगायची सक्ती तुमच्यावर कोणीच करू शकत नाही. मीसुद्धा नाही."

वकील खाली बसला. घरी सासू, गावात मालगुजार, सारेच विचारत आले अन् मी सांगत आली. न सांगाचाबी हक्क असते, हे तुमच्याकडून समजलं.

मालगुजार केसबी हरला. परततानी बंडीत धन्यानं विचारलं, "मले तरी सांगशीन?"

मी म्हनलं, "कोर्टाले नाई सांगतलं."

त्यानं बैल हाकले.

तुमाले मात्र सांगावंसं वाटलं, म्हनून हे लिवाले बसली. ज्याच्या पेटीत चिठ्ठी टाकली, त्याचं नावबी लिवलं होतं. मंग तुमचाच बोल आठोला, "मीसुद्धा नाही." नाव खोडलं. खोडलेलंबी कोनी वाचीन, म्हनून आता पत्र चुलीत घालून राह्यली.

तुमच्या कोर्टातली साक्षीदार,
रुखमाबाई