भरलेली बोट

प्रिय आई,
बेटावरून तुला आणि बाबांना जयभीम.

मी बरी आहे. इथला भात आता पचतो. बोट आणि धक्क्यावरची बस, दोन्हींवर देखरेख करणं हे माझं काम.

काल बोट भरली तरी लोक चढत होते. शेवटी चढलेल्यांना मी उतरवलं. त्यात दवाखान्यात निघालेली एक आजी होती. "थोडं सरकून बसलो असतो ना, बेटी," ती हिंदीत म्हणाली. मला तूच आठवलीस. अमरावतीच्या जीपमध्ये तू म्हणतेस, "सरका ना वं माय, एक जन मावते!" आणि मावतेही. पाण्यावर तसं चालत नाही, हे सांगताना मला तिच्याकडे बघवेना. दुसऱ्या बोटीने ती गेली, तोवर पलीकडची बस सुटली होती. आता मागची बोट लागल्याशिवाय बस सोडायची नाही, असं मी ठरवून घेतलंय. पण आजीचा दवाखाना हुकला तो हुकलाच. थकायला होतं गं.

तुझे डोळे कसे आहेत? तपासायला जाशील तेव्हा भरलेल्या जीपला लटकू नकोस. तिथं तुला उतरवायला मी नाही. मागची गाडी येतेच.

शेखर भाऊ, हे आईला दोनदा वाचून दाखव.

तुझीच,
करिश्मा