नट किती आवळायचा

सोमवार, ४ मार्च

१. ग्राइंडिंग मशीनचा स्पिंडल, म्हणजे फिरता दांडा, पहिल्या पाळीत जाम झाला.
२. पट्टा तुटला. कुणाला लागलं नाही.
३. उघडून पाहिलं. पुढचं बेअरिंग तापून निळं पडलेलं. त्याचा नट मी ठरवून दिलेल्या मापापेक्षा खूपच जास्त आवळलेला.
४. जोडणी मिस्त्रीकाकांची. मशीनवर दादा.

दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ. कारखान्यात तो मला 'मॅडम' म्हणतो, घरी अजून 'चिमणे'.

मंगळवार, ५ मार्च

साहेब — "म्हाताऱ्याचा हात जड झालाय. अहवालात तसं लिहा नि मोकळ्या व्हा."

मिस्त्रीकाका — "मॅडम, तुमच्यासमोरच पाना खाली ठेवला होता की!"

खरं आहे. माप माझ्या डोळ्यांदेखत जुळलं होतं. तरी अहवाल येईपर्यंत त्यांना घरी बसवलंय.

बुधवार, ६ मार्च

जेवताना दादा ताटाकडे बघत म्हणाला, "मी आवळला."

मी घास खाली ठेवला.

"तूच म्हणाली होतीस ना, बेअरिंग ढिलं पडतं म्हणून थरथरतं? माल नापास होत होता. साहेब रोज चारचौघांत तुला टोमणे मारायचे — डिग्रीवाली आली नि मशीन नाचायला लागलं! म्हटलं, जरा आवळू. दोन दिवस कसं गप्प चाललं, बघितलंस ना!"

चालणारच. आवळलं की बेअरिंग ताठ होतं, थरथर जाते. पण मग ते तापतं, तापून फुगतं, आणि फुगून स्वतःलाच आणखी आवळतं. म्हणून तर माप! एवढं पुढचं मी घरी बोललेच नव्हते. घरी मी अर्धंच बोलते.

"काकांच्या निवृत्तीला आता राहिलंय किती? वर्ष-दोन वर्षं," दादा म्हणाला. "माझी मात्र नोकरी जाईल गं."

वहिनीने त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

गुरुवार, ७ मार्च

काकांचा चष्मा त्यांच्या टेबलावर तसाच राहिलाय. घडी घालून ठेवला.

शुक्रवार, ८ मार्च

सकाळी दादाच्या डब्यात चिठ्ठी ठेवली —

"दादा, नट तू आवळलास असं अहवालात लिहिलं आहे. सही केली आहे. सोमवारी देणार. त्याआधी तू स्वतः साहेबांना सांगणार असशील तर मी तुझ्याबरोबर येईन. सांगणार का, ते रविवार संध्याकाळपर्यंत कळव. — चिमणी"