तिसऱ्यांदा विचारतोय

प्रिय आर्डिस,

काल चर्चमध्ये कॉफी ओतताना तुझं घड्याळ मनगटावरून सरकून पार तळहातावर आलं. बायका कौतुक करत होत्या, "किती बारीक झालीस गं, छान दिसतेस!" तू हसलीस. माझा केक मात्र बशीत तसाच राहिला.

चार वर्षांपूर्वी, घशाच्या कॅन्सरच्या वेळी, मीही असाच छान दिसायला लागलो होतो. दोनशे चाळीस पौंडांचा गडी, दीड महिन्यात दोनशे पाचवर आलो. पेंडीच्या दुकानातली मंडळी पाठ थोपटायची, "ऑर्लिन, तरुण झालास की लेका!" मीही मूर्खासारखा फुशारलो. रेडिएशनने घसा सोलून निघालेला, घास उतरत नव्हता. पण पोट होतंच की पुढे, मग मी उपाशी आहे असं कुणाला वाटणार? झिजत होते ते दंड आणि मांड्या. गाडीचं दार ओढतानाही दम लागायचा. शेवटी डॉक्टरांनी आठवडाभर उपचार थांबवले. म्हणाले, अंगात ताकद नसेल तर हे उपचार झेपायचे नाहीत आणि अर्धवट उपचारांनी गाठ जायची नाही.

दोष दवाखान्यात आहार बघणाऱ्या पोरीचा नव्हता. ती टेक्सासची. रोज विचारायची, "जेवण जातंय ना? ताकदीचं दूध देऊ?" मी म्हणायचो, "नको, कशाला उगाच त्रास." आणि ती बिचारी खरंच राहू द्यायची! तिला काय ठाऊक, आपल्या मिनेसोटात दोनदा नको म्हणायचं असतं आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर "बरं, थोडंसंच" म्हणायचं असतं. ती पुन्हा विचारेल म्हणून मी आपला वाट बघत उपाशी. तुझी बहीण मला एकट्याला सोडून गेल्यापासून घरातही तिसऱ्यांदा विचारणारं कुणी नव्हतं.

मग तू आलीस. बटाटा-खिम्याची, ओव्हनमध्ये भाजलेली हॉटडिश मिक्सरमधून काढून, वर साय घालून. दारातच ओळीने तीनदा विचारलंस आणि माझ्या तोंडून सवयीने "थोडंसंच" निघून गेलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन त्या पोरीला दम भरलास, "ह्याला तीनदा विचारायचं, कळलं?" तिने माझ्या फायलीवर मोठ्या अक्षरात ते लिहूनही ठेवलं. त्यानंतर रोज अकराला आणि चारला तू विणकाम घेऊन समोर बसायचीस. "धुवायला वाटी रिकामी लागते मला," म्हणायचीस. वजन उतरायचं थांबलं आणि उरलेले अठरा दिवस एकही खाडा न होता पार पडले. गाठ डॉक्टरांनी जाळली, पण तोवर मला उभं ठेवलंस ते तू. त्यावर मी तुला काय म्हणालो होतो? "चव बरी होती." लाज वाटते गं. आज सरळ लिहितो, मी तुझा फार फार ऋणी आहे.

आता येत्या सोमवारी तुझी केमो सुरू होणार. बुधवारी फोनवर विचारलं, सूप आणू का? "नको रे, फ्रीज भरलाय." काल चर्चबाहेर गाडीपाशी विचारलं. "उगाच कशाला दगदग." हे दोनदा झालं. सोमवारी अकराला बटाट्याचं सूप घेऊन येतोय, भरपूर साय घातलेलं. वाटी रिकामी होईपर्यंत हलणार नाही. विणता येत नाही मला, पेपर वाचत बसेन. आर्डिस, आणू ना?

तुझाच,
ऑर्लिन