निनाद सरांचं वर्तुळ

अंबाजोगाई

तीर्थरूप आईस,
मंजूचा नमस्कार. चष्मा लावून हे पत्र तूच वाच, धाकट्या सत्यमला वाचायला देऊ नको.

मी मजेत हाय. जेवणाची काळजी करू नको. तुझा गुडघा कसा हाय? दादा गोळ्या वेळेवर घेतात का?

आमच्या कॉलेजात गणिताला पुण्याचे निनाद सर आलेत. खडू म्हणून हातात धरत न्हाईत. अकरावीच्या पोरांना मैदानात नेतात, खुंटीला दोरी बांधतात आणि ती ताणून धरून गोल चालायला लावतात. झालं वर्तुळ! पोरं लई खूश. माझ्या तासाला जांभया देणारी आरोही तिथं सगळ्यांच्या पुढं. मी इतकी वर्षं फळ्यावर वर्तुळं काढली, कुणी टाळी वाजवली न्हाई.

काल प्राचार्यांनी मलाच त्यांचा तास बघायला पाठवलं. सर म्हणाले, "पूर्वी खळ्यावर बैल असेच फिरायचे. मधल्या खांबाला काय म्हणायचे बरं?" पोरांनी नुसतं मळणीयंत्र पाहिलेलं. सरांनी माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, तुम्ही इकडच्याच ना?"

आई, आपल्या खळ्यावर बैलांमागं फिरण्यात माझं लहानपण गेलं. तरी ते वर्गात न्यायचं मला कधी सुचलं न्हाई, आणि ह्यांना सुचलं. मी म्हणाले, "मला न्हाई माहीत."

दादांना हे सांगू नको. खळ्याच्या मधोमध आपला तिवडा दरसाल तेच रोवायचे, आणि पूजा लेकीच्या, माझ्याच हातानं करून घ्यायचे.

तुझी,
मंजू